नावाचं वजन

प्रणोती मानकरला तिचं वजन पहिल्यांदा कळलं तेव्हा तिला हसू आलं होतं.

"तेवीस," मार्गारेट लिंड म्हणाली. हेगमधल्या ज्या फर्ममध्ये प्रणोती अर्धं आयुष्य वकिली करत होती, तिची मार्गारेट प्रमुख. "तू ज्या बाजूनं उभी राहतेस, तिची जिंकण्याची शक्यता तेवीस टक्क्यांनी वाढते. तुझ्याहून जड माणसं जगात अगदी मोजकी आहेत. आणि ती म्हातारी झालीयत."

हा आकडा काढणाऱ्या यंत्राला बनवणाऱ्यांनी लांबलचक नाव दिलं होतं. प्रणोती त्याला 'कौल' म्हणायची, आणि फर्ममध्ये तेच रूढ झालं. देवापुढे कौल लावावा तसे कंपन्यांचे आणि सरकारांचे लोक त्याच्यापुढे येत, तंट्याची कागदपत्रं त्याच्या पोटात घालत, आणि कोण जिंकणार ते विचारत. कौल आकडा सांगे. तो आकडा क्वचितच चुके.

हे शक्य कसं झालं, ते समजून घ्यायला थोडं मागं जावं लागेल. पूर्वी देशागणिक कायदा वेगळा होता. पेरूतल्या खाणीचा तंटा पेरूच्या कोर्टात चाले, विदर्भातला विदर्भात, आणि निकाल काय लागेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नसे. मग परदेशी भांडवलाला संरक्षण देणारे करार देशोदेशी झाले. तंटे कोर्टांतून उठून लवादांपुढे गेले. ते करार लिहिणारी माणसं थोडी, चार-दोन विद्यापीठांतून शिकलेली. आज एखाद्या कंपनीचा वकील असलेला माणूस उद्या दुसऱ्या तंट्यात लवाद म्हणून निवाडा देई, आणि परवा तिसऱ्याच सरकारला नव्या कराराचा मसुदा लिहून देई. एकमेकांच्या निवाड्यांचे दाखले देत देत या मंडळींनी कायदा असा घासून गुळगुळीत केला, की तो कुठल्याही देशाच्या जमिनीवर नेऊन ठेवला तरी बसावा. आणि सगळीकडे एकसारखी असलेली गोष्ट यंत्र पटकन शिकतं. कौल सगळे निवाडे शिकला. कायदा सारखा, करार सारखे. मग फरक कशानं पडतो? त्यानं शोधून काढलं, की उरलेला फरक पडतो तो बहुतेक उभं कोण राहिलंय यानं. लवादांचा कुणाच्या शब्दावर विश्वास आहे, कुणाबरोबर ते मागे एका बाजूला बसले होते, कुणाला नाही म्हणणं त्यांना जड जातं. ते सगळं मिळून वकिलाच्या नावाचं वजन.

या गुळगुळीत कायद्यात प्रणोतीचाही हात होता. लहानसा नव्हे. कंपनीनं दावा फक्त देशाच्या सरकारवरच का लावावा, नगरपालिकेवर थेट का नको, हा प्रश्न तिनंच एका गाजलेल्या तंट्यात उभा केला होता. "गावाचा हात हा राज्याचाच हात असतो," असं ती तेव्हा म्हणाली. तिचं ते वाक्य निवाड्यात उतरलं, निवाड्यातून पुढच्या करारांत, आणि त्यातल्या एका करारावर भारतानंही सही केली.

तेवीस हा आकडा ऐकला त्याच आठवड्यात तिनं आल्व्हेरा या बड्या परदेशी कंपनी-समूहाचं राखीव वकीलपत्र घेतलं. राखीव म्हणजे काम काही नाही. समूहाला वाटेल तेव्हा तिनं त्यांच्यासाठी उभं राहायचं, आणि त्यांच्याविरुद्ध कधीही, कुठेही उभं राहायचं नाही. कौल आल्यापासून ही पद्धतच पडली होती. जड नाव आपल्याकडे आलं नाही तरी चालेल, समोर जाता कामा नये.

"ते मला कामच देणार नाहीत?" तिनं विचारलं होतं.

"न करण्याचं काम," मार्गारेट म्हणाली, आणि दोघी हसल्या होत्या.

*

भानखेडा हे प्रणोतीचं गाव. कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातलं, एका नगरपरिषदेचं. वडील तिथल्या तालुका कोर्टात वकील होते, आणि त्यांच्यामागं तीच खुर्ची, तेच टेबल घेऊन धाकटा भाऊ प्रफुल्ल बसत होता. भाडेकरूंचे वाद, हद्दीचे वाद, अपघाताच्या भरपाया. शिवाय नगरपरिषदेचा सल्लागार वकील.

तिथला उन्हाळा पहिल्यापासून कडकच, पण गेल्या काही वर्षांत त्याची जात बदलली होती. मे महिन्यात बंगालच्या उपसागरावरून ओली हवा लवकर आत शिरू लागली होती. कोरड्या उन्हात माणसाला घाम येतो, घाम वाळतो, अंग निवतं. हवा आधीच ओली असली की घाम वाळत नाही. अंगावरून नुसता वाहतो. मग सावलीत बसा, पाणी प्या, कूलर लावा, शरीर आतून तापतच जातं, आणि धडधाकट माणूसही काही तासांत जातो. कूलरच्या जिवावर उन्हाळे काढलेल्या विदर्भाला हे समजायलाच वेळ लागला.

म्हणून गावात गारवाघरं आली. जाड भिंतींचे मोठाले हॉल, आत हवा कोरडी आणि गार करणारी यंत्रं, स्वतःची वीज. जागा नगरपरिषदेची, यंत्रं कंपनीची. ज्यानं पैसे भरून कार्ड घेतलं त्याला आत जागा.

त्या मे महिन्यात वीज गेली आणि आलीच नाही. गारवाघरं तेवढी चालू होती. कार्डवाले आत, बाकीचं गाव दाराबाहेरच्या पायऱ्यांवर. दुपारपर्यंत पायऱ्यांवर माणसं पडायला लागली, काही पुन्हा उठलीच नाहीत. नगराध्यक्ष मंदाताई उईके यांनी कंपनीच्या कार्यालयात फोन केले, तिकडून दरवेळी गोड आवाजात थांबायला सांगण्यात आलं. शेवटी त्यांनी प्रफुल्लला विचारलं, "वकीलसाहेब, कुलूप तोडलं तर कायद्यात बसते का?"

"बसते," प्रफुल्ल म्हणाला. "मी बसवतो."

कुलपं तोडली. सगळं गाव आत शिरलं. क्षमतेच्या कितीतरी पट माणसं, घामेजलेली, ओलेती. यंत्रांनी संध्याकाळपर्यंत दम धरला आणि मग ती जळाली. पण तोवर ऊन उतरलं होतं. गावातलं आणखी कुणी दगावलं नाही.

पावसाळ्यात, भारतानं सही केलेल्या त्याच कराराखाली, थेट नगरपरिषदेला लवादाची नोटीस आली. दावा एवढा मोठा होता, की नगरपरिषद विकूनही फिटला नसता. गारवाघरं चालवणारी कंपनी आदल्या वर्षीच आल्व्हेरा समूहानं विकत घेतली होती.

*

"ताई, तू उभी राहशील ना?" प्रफुल्लनं फोनवर विचारलं. विचारलं कसलं, गृहीतच धरलं. "मी मंदाताईला सांगून टाकलं, माझी बहीण हाय तिथं. त्यांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले."

प्रणोती खिडकीशी उभी होती. खाली कालव्यातून एक होडी चालली होती.

"मला नाही उभं राहता येणार, प्रफुल्ल. मी त्यांच्याकडे राखीव आहे."

"राखीव म्हणजे?"

तिनं सांगितलं. 

"म्हणजे त्यांचं काम तू केलंच नाही."

"नाही."

"एक कागद नाही लिहिला त्यांच्यासाठी."

"नाही."

"मंग काहून नाही जमत? बाबा म्हणायचे, पक्षकार चोर असू दे का साव, ज्याचा कागद हातात घेतला त्याचे आपण. तू तर कागदच नाही घेतला वं. नुसतं नाव देऊन बसली."

"तेच घेतलंय त्यांनी."

"मले नाही समजत हे," प्रफुल्ल म्हणाला. आणि ते खरं नव्हतं. त्याला समजलं होतं.

ती मार्गारेटकडे गेली. राखीवपण सोडायचं आहे, म्हणाली. मार्गारेटनं शांतपणे ऐकून घेतलं.

"सोडता येईल. पण तू त्यांच्याविरुद्ध तरीही उभी राहू शकणार नाहीस. तो नियम जन्माचा आहे. तो लिहिणाऱ्या समितीवर तूच होतीस."

"मला माहीत नव्हतं ते भानखेड्यात येणार आहेत."

"त्यांना माहीत होतं," मार्गारेट म्हणाली. तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. रोजच्या हवामानासारखं तिनं ते सांगितलं. "कौल काय फक्त निकाल सांगतो असं तुला वाटतं? कुठे ऊन वाढणार, कुठे वीज कमी पडणार, कुठली नगरपालिका दार फोडण्याची शक्यता जास्त आहे, हेही तो सांगतो. आणि तिथले लोक मदतीला कुणाकडे धावतील, तेही. भानखेड्यापुढे तुझं नाव होतं, प्रणोती. इतर ठिकाणी तुझं वजन तेवीस आहे. तुझ्या स्वतःच्या गावाच्या बाजूनं उभी राहिली असतीस तर ते चाळिसाच्या वर गेलं असतं. म्हणून त्यांनी तुला घेतलं. मला वाटलं, तुला अंदाज असेल."

 प्रणोतीला घेतलं गेलं होतं ते ती जगात मोठी होती म्हणून, असं ती इतके दिवस समजत होती. प्रत्यक्षात तिला घेतलं होतं ते ती मानकर वकिलांची मुलगी होती म्हणून.

*

तिनं मग जे केलं ते चोरून केलं.

नगरपरिषदेला परदेशी वकील परवडत नव्हता, आणि कौल त्यांच्या बाजूला सहाच टक्के देत होता. एवढ्याशा आकड्यावर नाव लावायला कुणी तयार होईना. प्रफुल्लनं स्वतःच वकीलपत्र दाखल केलं. त्यानं लिहिलेली कैफियत त्यानं बहिणीला पाठवलीही नव्हती. तिनंच मागून घेतली. वाचली. सगळं खरं होतं, आणि लवादापुढे एक अक्षर टिकलं नसतं.

"ही बाजूला ठेव," ती म्हणाली. "मी लिहिते. सही तू कर."

"आन् कोणाले समजलं तर?"

"कोण सांगणार? मी की तू?"

तिनं रजा घेतली आणि लिहायला बसली. किती वर्षांनी ती अशी कुणासाठी जीव लावून लिहीत होती. मुद्दा तिला पहिल्याच सकाळी सापडला. कंपनी आणि नगरपरिषद यांच्यातल्या गारवाघरांच्या करारात ऊन, वीज, यंत्रं, कार्डं सगळ्याबद्दल लिहिलं होतं. जीव धोक्यात आला तर काय, याबद्दल मात्र करार गप्प होता. आणि करार जिथे गप्प बसतो तिथे सगळ्या देशांचा जुना समाईक नियम बोलतो: बुडणारा माणूस दुसऱ्याच्या होडीत चढला तर तो चोर ठरत नाही. हे तिनं असं रचत नेलं, की लवादांनी आपल्याच जुन्या निवाड्यांतून चालत चालत नगरपरिषदेच्या दारात यावं. प्रफुल्ल रोज फोनवर पायऱ्यांवरच्या माणसांची हकिगत सांगे, ती त्यातली वाक्यं इंग्रजीत बसवी. त्या दिवसांत भाऊबहीण जेवढे बोलले तेवढे वडील गेल्यानंतर कधी बोलले नव्हते.

"ताई," एकदा तो म्हणाला, "तू इकडंच राहिली असती ना, तर या जिल्ह्यात मले कोणी विचारलं नसतं."

"मग काय केलं असतंस?"

"तुझ्या बॅगा उचलल्या असत्या. खुशीनं."

कैफियत दाखल झाली. कौलनं ती वाचली, आणि नगरपरिषदेचा आकडा सहावरून अडतीसवर गेला.

इथेच घात झाला. तालुक्याच्या एका वकिलाच्या सहीवर आकडा एवढा चढतो कसा, हा प्रश्न समोरच्यांना पडणारच होता. त्यांनी कौलला दुसरं काम दिलं: हे कुणी लिहिलं ते सांग.

माणसाचं हस्ताक्षर असतं तसं वाक्यांचंही असतं. कुठला शब्द कितीदा येतो, वाक्य कुठे मोडतं, कारण आधी येतं की निष्कर्ष, हे माणूस ठरवून करत नाही, म्हणून त्याला ते लपवताही येत नाही. इंग्रज वकील आधी निष्कर्ष सांगतात आणि मग अटी. प्रणोती आयुष्यभर इंग्रजी लिहूनही अट आधी सांगत आली होती आणि निष्कर्ष शेवटी. आधी 'जर', मग 'तर'. मराठीची ती ठेवण तिच्या प्रत्येक कैफियतीत होती, आणि तिच्या सगळ्या कैफियती कौलनं लहानपणी पाढे पाठ करावेत तशा पाठ केलेल्या होत्या. त्याला नाव सांगायला क्षणही लागला नाही.

लवादानं कैफियत रद्द केली. विरुद्ध पक्षाच्या राखीव वकिलानं लिहिलेला कागद दाखल केला म्हणून प्रफुल्लला तंट्यातून काढून टाकलं, आणि तो कागद आपलाच म्हणून सही केल्याबद्दल त्याची सनद रद्द करावी अशी तक्रार बार कौन्सिलकडे गेली. प्रणोतीच्या सनदेविरुद्धही तशीच तक्रार झाली. नगरपरिषदेला दुसरी कैफियत दाखल करण्याची संधी नव्हती. आकडा आता दोनवर आला होता.

दोन टक्क्यांवर कुणी लढत नाही. मंदाताईंनी तडजोडीवर सही केली. गावाचा पाणीपुरवठा तीस वर्षांसाठी कंपनीकडे गेला, आणि गारवाघरांची दारं यापुढे नगरपरिषदेच्या हुकमानं उघडली जाणार नाहीत, असं वचन लिहून घेतलं गेलं. सही करण्याआधी त्यांनी प्रणोतीला एकदाच फोन केला.

"ताई, तुम्ही चांगल्यासाठीच केलं, हे मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "पण प्रफुल्लभाऊनं स्वतःचं लिहिलं होतं ना, ते तेवढं लवादानं ऐकून तरी घेतलं असतं. हरलो असतो. पण पायरीवर काय झालं ते कोणीतरी तिथं उभं राहून बोललं असतं."

*

मार्गारेटनं तिला बोलावलं तेव्हा प्रणोती राजीनामा घेऊनच गेली होती. मार्गारेटनं तो उघडलाही नाही.

"आल्व्हेराला तुझी सनद नकोय," ती म्हणाली. "तुझ्या भावाचीही नकोय. खरं सांगू? त्यांच्याकडे तुझ्या कैफियतीचं फार कौतुक झालं. करारात एवढी मोठी फट आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. ती त्यांना बुजवायची आहे. भानखेड्यात नाही, सगळीकडे. त्यांचे असे करार चाळीस देशांत आहेत, आणि बाकीच्या कंपन्याही तोच मसुदा उचलतील."

"आणि ते कलम मी लिहायचं."

"फट जिनं शोधली, तिच्याइतकी ती कुणाला ठाऊक असणार? तू लिहून दे, दोन्ही तक्रारी मागे घेतल्या जातील."

प्रणोतीनं विचार करायला वेळ मागितला. पण विचार करण्यासारखं त्यात फारसं नव्हतं. प्रफुल्लला दुसरं काही येत नव्हतं. कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखालचं ते टेबल हेच त्याचं जग होतं, आणि तिनं त्याला ते गमवायला लावलं होतं. तिनं नाही म्हटलं असतं तर कलम दुसऱ्या कुणी लिहिलंच असतं. जरा ढिसाळ लिहिलं असतं, एवढंच. पुढे कुणाला तरी त्यात फट सापडली असती.

हा शेवटचा विचार तिच्या मनात आला होता. लिहायला बसल्यावर तिनं स्वतःशी ठरवलंही, की एखादा शब्द सैल ठेवू. पण मार्गारेटनं सांगितलं होतं, की मसुदा कौलकडे तपासायला जाईल. आणि दुसरीही एक गोष्ट होती, जी तिनं कधी कुणाला सांगितली नाही. लिहिता लिहिता तिचा हात चालायला लागला. सैल शब्द तिला सहनच होईना. अट आधी आली, निष्कर्ष मागून आला, आणि कलम एकोणीस असं उतरलं:

'तापमान कितीही असले, आणि त्यामुळे कोणासही काहीही झाले, तरी उष्णता ही या कराराच्या अर्थाने संकट मानली जाणार नाही.'

पुढे आणखी चार ओळी होत्या. बुडणारा माणूस आणि होडी, हा सगळ्या देशांचा जुना नियम, उभय पक्षांनी राजीखुशीनं सोडून दिला होता.

कौलनं मसुदा तपासला आणि कलमाला शंभर गुण दिले. असं आधी कधी झालं नव्हतं. वर्षभरात ते कलम लिमापासून लागोसपर्यंत पोचलं. कुठे स्पॅनिशमध्ये, कुठे फ्रेंचमध्ये, पण अट आधी आणि निष्कर्ष मागून, ही ठेवण सगळीकडे तशीच राहिली. परिषदांतून लोक येऊन तिचं अभिनंदन करत. तिचं वजन आता एकतीस झालं होतं.

*

त्यानंतरच्या मे महिन्यात ती भानखेड्याला गेली. प्रफुल्लनं बोलावलं नव्हतं. ये म्हणूनही नाही, येऊ नको म्हणूनही नाही.

तालुका कोर्ट उन्हाळ्यामुळे सकाळचं भरत होतं. कडुनिंबाखाली टायपिस्टांची टेबलं होती, पलीकडे गारवाघराची पांढरी भिंत दिसत होती. तिच्या पायऱ्यांवर आता लोखंडी कठडा घातला होता. उन्हात तिथं कुणाला बसू देत नव्हते.

प्रफुल्ल टेबलाशीच होता. वडिलांची खुर्ची, काळा कोट पाठीला अडकवलेला. एका म्हातारीच्या प्रतिज्ञापत्रावर तो अंगठा घेत होता. बहिणीला पाहून तो उठला, एक स्टूल ओढून दिलं, पोऱ्याला हाक मारून माठातलं पाणी मागवलं.

"प्रवास झाला नीट?"

"झाला."

"जेवून जा. घरी सांगतो."

तो बदलला नव्हता. थोडा वाळला होता. त्यानं म्हातारीचं बोट कापडानं पुसलं, कागद घडी करून तिच्या हातात दिला, जपून जा म्हणाला. प्रणोती पाणी प्यायली. काय बोलायचं ते विमानात तिनं शंभरदा घोळवलं होतं. 

"प्रफुल्ल, तुझी सनद..."

"हो, आलं पत्र. तक्रार मागं घेतली म्हणून." त्यानं टेबलावरचे कागद सारखे केले. "मंदाताईकडे नवीन करार आला ना तडजोडीनंतर, तो पाहिला मी. कलम एकोणीस तूच लिहिलं?"

त्याला फसवता आलं नसतं. तिचं इंग्रजी तो लहानपणापासून वाचत आला होता.

"हो," ती म्हणाली.

प्रफुल्लनं मान हलवली. पुढचा पक्षकार कागद घेऊन उभाच होता. त्याला त्यानं हातानं थोडं थांबायला सांगितलं.

"सारा हिवाळा वाचत होतो मी ते," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. एका वकिलानं दुसऱ्या वकिलाबद्दल बोलावं, तसं तो बोलत होता. "उलटंसुलटं करून पाहिलं. बाबाची जुनी पुस्तकं काढली. लय चांगलं लिहिलं ताई तू. कुठंच फट नाही ठेवली."

मग त्यानं त्या माणसाला जवळ बोलावलं आणि त्याच्या हातातले कागद घेऊन वाचू लागला.